समोरच्या टीमचा दोनशेवा हिट

२०१४ च्या उन्हाळ्यात, आयर्लंडमध्ये, ऑफिसच्या सहलीला कुणीतरी टेनिसच्या चेंडूने क्रिकेट मांडलं आणि मी जुन्या सवयीने स्टंपांमागे जाऊन उभा राहिलो. कराडच्या कॉलेजात आणि नंतर पुण्यात कंपनीच्या टीमकडून मी विकेटकीपिंगच केलं होतं. बॅटिंगला माझा नंबर येईपर्यंत बहुतेक वेळा मॅच संपलेली असायची. खेळ आटोपल्यावर टेस्टिंग टीममधली एक अमेरिकन बाई माझ्याजवळ आली. आम्ही राहायचो त्या नास गावात बेसबॉलची एक टीम आहे आणि ही बाई तिची मॅनेजर आहे, हे मला तेव्हाच कळलं.

"गुडघ्यांचा काही त्रास?" तिने विचारलं.

"नाही."

"मग रविवारी ये."

असा मी कॅचर झालो. काम तसं ओळखीचंच होतं. पिचर चेंडू टाकतो, फलंदाज मारतो, आणि त्याने सोडलेला किंवा चुकवलेला प्रत्येक चेंडू मागे उकिडवा बसलेला कॅचर झेलतो. तोंडावर जाळीचा मास्क, छातीवर चिलखतासारखं पॅड. फरक एवढाच की पिचरने पुढचा चेंडू कुठे आणि कसा टाकायचा, हेही कॅचरच मांड्यांमध्ये बोटं दाखवून सांगतो. विकेटकीपरला असला मान कुणी देत नाही.

आयर्लंडमध्ये बेसबॉल कुणाच्या खिजगणतीत नाही. फुटबॉल क्लबच्या मैदानाचा एक कोपरा आम्हाला रविवारी मिळायचा. चुन्याच्या रेषा आम्हीच मारायचो. प्रेक्षक म्हणजे खेळाडूंच्या बायका, दोन-तीन कुत्री, आणि एखादा वाटसरू, जो कुंपणाला टेकून थोडा वेळ बघायचा आणि "हे नक्की काय चाललंय?" विचारून निघून जायचा. पाऊस आला की मॅच रद्द, आणि पाऊस तर येतोच. तरीही मला त्या रविवारांनी धरून ठेवलं. परक्या गावात आठवड्यातून एकदा आपली कुणीतरी वाट बघतंय, एवढं पुरेसं असतं.

वॉटरफोर्डच्या टीमशी पहिली मॅच होती, तेव्हा आमच्या लोकांमध्ये आधीपासूनच कुजबुज होती. "आज युअर मॅन येणार." आयरिश लोक तिऱ्हाइताबद्दल बोलताना "युअर मॅन" म्हणतात, आपण "तो बाबा" म्हणतो तसं. पण आमच्या टीममध्ये हा शब्द एकाच माणसासाठी राखून ठेवलेला होता.

तो पंचेचाळिशीच्या पुढचा, रुंद खांद्यांचा, फरशी बसवण्याचं काम करणारा माणूस होता. तरुणपणी बॉस्टनला बांधकामांवर राबला आणि तिथे हा खेळ शिकला. आई थकली म्हणून परत आला, तो बॅट घेऊनच. आमची लीग सुरू झाली तेव्हापासून तो खेळत होता. बेसबॉलमध्ये क्रिकेटसारखी शतकं नसतात. चेंडू असा मारायचा की कुणी झेलू नये, आणि कुणी उचलून फेकायच्या आत आपण बेसवर, म्हणजे पुढच्या ठाण्यावर, पोचलेलं असावं. त्याला हिट म्हणतात; तिन्ही बेस फिरून बॅटिंगच्या जागी परत आलं की एक रन. दहा वेळा उभं राहून तीनदा ज्याला हे जमतं, तो मोठा फलंदाज. इतकं अपयश गृहीत धरणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

तो पहिल्यांदा होम प्लेटवर, म्हणजे बॅटिंगच्या जागी, आला तेव्हा त्याने आधी अंपायरला नमस्कारासारखी मान हलवली, मग खाली माझ्याकडे पाहिलं.

"नवीन दिसतोस. गुडघे काय म्हणतायत?"

"ठीक आहेत."

"पुढच्या वर्षी विचारीन," तो म्हणाला, आणि दुसऱ्याच चेंडूवर आमच्या शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरच्या, डोक्यावरून, अगदी हाताला लागणार नाही इतक्याच उंचीवरून, चेंडू टाकून पहिल्या बेसवर गेला.

पुढच्या वर्षी त्याने खरंच विचारलं. आमच्या दर वर्षी तीन-चार मॅच व्हायच्या, आणि प्रत्येक मॅचमध्ये तो तीन-चारदा माझ्यापुढे उभा राहायचा. इतक्या जवळून मी दुसऱ्या कुणा खेळाडूला कधी पाहिलं नाही. त्याचे बूट, त्याचा श्वास, चेंडू निघायच्या आधी बॅटवरची करंगळी सैल सोडायची सवय. बाद झाला तर तो पिचरकडे बघून "चांगला होता" म्हणायचा आणि परत जायचा. बॅट आपटणं नाही, अंपायरशी वाद नाही. इंग्रजीत अहो-अरे नसतं, पण माझ्यापेक्षा वयाने इतक्या मोठ्या माणसाला मी मनातल्या मनातही एकेरीतच बोलायचो. त्याचं मला कधी वावगं वाटलं नाही. आपल्याकडे मोठ्या फलंदाजाला कुणी अहो-जाहो करत नाही. जितका मोठा, तितका तो "तो".

२०१६ सालची गोष्ट. भुरभुर पावसात वॉटरफोर्डला मॅच चालू होती. त्याने मारलेला चेंडू बॅटच्या टोकाला लागून माझ्यापुढेच चार पावलांवर घरंगळत थांबला. मी मास्क फेकून धावलो, चेंडू उचलला, आणि तो ओल्या साबणासारखा हातातून सटकला. युअर मॅन बेसवर पोचला. गुण लिहिणारी बाई त्यांच्याच क्लबची. तिने त्याला हिट दिला. मैदान ओलं, चेंडू ओला, कुणी काही म्हणालं नसतं.

मॅच संपल्यावर आम्ही सामान आवरत होतो, तेव्हा तो तिच्या टेबलाशी वाकून उभा असलेला मला दिसला. मग तो माझ्याकडे आला.

"एक सांगायचं होतं. तो हिट नव्हता. चेंडू सटकला नसता तर तू मला दोन पावलांनी बाद केलं असतंस. मी तिला खोडायला सांगितलंय."

"अरे, पण कशाला?"

"कारण मी पळत होतो आणि मला माहीत होतं." मग तो जरा ओशाळला. "त्यामुळे तुझ्या नावावर चूक लागली, त्याबद्दल सॉरी."

"ग्रँड," मी म्हणालो. "ठीक आहे"साठीचा हा आयरिश शब्द एव्हाना माझ्याही तोंडात बसला होता.

घरी आल्यावर बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे स्वतःचा हिट खोडला आणि तुझ्या नावावर चूक लावून गेला, आणि तू खूश आहेस?" होतो खरा. त्या चुकीचा मला आजही अभिमान वाटतो. असल्या माणसाच्या खरेपणामुळे ती माझ्या नावावर लागली आहे.

२०१८ च्या उन्हाळ्यात आई कराडहून आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आली. त्या वर्षी आयर्लंडमध्ये कधी नव्हे ते ऊन पडलं. गवत पिवळं पडलं, लोक सावली शोधायला लागले, आणि आई स्वेटरांची बॅग उघडून म्हणाली, "ह्यासाठी वजन वाहून आणलं व्हय मी?" घरात एकटी बसण्यापेक्षा बरं म्हणून ती मॅचना यायला लागली. खेळातलं तिला काही कळत नव्हतं. घडीच्या खुर्चीवर बसून ती माणसं बघायची. थर्मासमध्ये आल्याचा चहा आणि डब्यात शेंगदाण्याचे लाडू असायचे, आणि मॅच संपली की ती समोरच्या टीमलाही ते वाटायची. "पोरं दमल्यात," एवढंच तिचं म्हणणं.

वॉटरफोर्डच्या मॅचनंतर तिने त्यालाही कागदी कपात चहा दिला. मी तिथेच उभा होतो. त्याने हात पुढे केला तो कपाच्या शेजारून हवेतच गेला. आईने त्याचं मनगट धरलं आणि हात कपावर नेऊन ठेवला. तो हसला, "थँक यू, मिसेस" म्हणाला, आणि मी उन्हाला, थकव्याला दोष दिला.

गाडीत आई म्हणाली, "त्या बाप्याला डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई बग."

"कशावरून?"

"कशावरून म्हंजे? माझं आपरेशन व्हायच्या आधी मी असंच करायची की. चहा तुझ्या बापाच्या मांडीवर सांडला हुता, इसरलास?" मग थोड्या वेळाने, "सांग त्येला. दवाखान्यात जा म्हणावं."

मला एकदम त्या दिवसाचे चेंडू आठवायला लागले. त्याच्या अंगाकडे आत येणारा चेंडू त्याला उशिरा दिसत होता. मंद चेंडूवर त्याची बॅट आधीच फिरून जात होती. त्या वर्षी त्याचे हिट कमी झाले होते, आणि लोक म्हणत होते, वय झालं. त्यातच लीगभर चर्चा होती की तो दोनशेव्या हिटच्या जवळ आलाय. आमच्या लीगमध्ये तिथवर कुणीच पोचलं नव्हतं.

दोन दिवस विचार करून मी त्याला फोन केला. कसं बोलावं कळेना, म्हणून आईचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

पलीकडे तो खूप वेळ हसला. "माझ्या बायकोला कळायला चार महिने लागले. तुझ्या आईने एका चहात ओळखलं."

"म्हणजे तुला माहीत आहे?"

"मोतीबिंदू. हिवाळ्यापासून आहे. आधी वाटलं धुकं पडलंय. आयर्लंडात माणूस धुक्याची चौकशी करत नाही." मग त्याचा आवाज जरा उतरला. "फरशा मी आता तळहाताने तपासतो. सांध्याची रेष सरळ आहे का, ते बायको येऊन बघते. ऑपरेशनसाठी नाव लावलंय. नंबर यायचाय."

"मग तोवर खेळतोस कशाला? थांब ना."

"माझ्या वयाला लोक थांबले की परत येत नाहीत," तो म्हणाला. "तुझ्या पिचरला सांगितलंस का?"

"नाही. कुणालाच नाही."

"सांग. ते तुझं काम आहे. मला कुठला चेंडू दिसत नाही, हे तुला कळतंय, आणि तू तो मागवला नाहीस तर तू कसला कॅचर? हे बघ, तू दया म्हणून सोपा चेंडू मागवलास आणि मी त्यावर हिट मारला, तर तो हिट मी कुठे ठेवू? घरात ठेवायची लाज वाटेल." मग म्हणाला, "फक्त कानाजवळ टाकू नका. तो मला दिसणारच नाही, आणि बायको तुला शोधत नासला येईल."

ऑगस्टमध्ये ते नासला खेळायला आले, तेव्हा त्याला एकच हिट कमी होता. वॉटरफोर्डहून दोन गाड्या भरून माणसं आली होती. आमच्या मैदानावर मी तेवढी गर्दी कधी पाहिली नव्हती, म्हणजे चाळीसेक लोक असतील. आमचा पिचर व्हेनेझुएलाहून शिकायला आलेला मुलगा, हाताने वेगवान आणि स्वभावाने हळवा. मॅचच्या आधी मी त्याला सगळं सांगितलं. तो हातमोजा काखेत धरून ऐकत राहिला.

"म्हणजे आत टाकायचा नाही, आणि बाकी काहीही सोडायचं नाही?"

"हो."

"हे त्याने स्वतः सांगितलं?"

"स्वतः."

त्याने छातीवर क्रूस काढला आणि चेंडू घासायला लागला.

पहिल्या वेळेस मी बाहेरच्या बाजूचे मंद चेंडू मागवले. तो तिन्हींवर चुकला, म्हणजे बाद. "चांगला होता," तो पिचरला म्हणाला. दुसऱ्या वेळेसही तेच. परत जाताना त्याने माझ्या पॅडला बॅट हळूच टेकवली. मागवलेला प्रत्येक चेंडू बरोबर होता आणि मला त्याचा काडीचाही आनंद होत नव्हता. तरीही बोटं मी तीच दाखवत राहिलो, कारण दुसरी दाखवली असती तर त्याला लगेच कळलं असतं.

शेवटच्या इनिंगमध्ये आम्ही एका रनाने पुढे होतो. त्यांचे दोन बाद झाले होते, तिसरा गेला की मॅच आमची, दुसऱ्या बेसवर त्यांचा एक धावपटू उभा होता, पहिला बेस रिकामा होता, आणि तो चालत आला. अशा वेळी काय करायचं हे खेळाच्या पहिल्या धड्यात शिकवतात. चार चेंडू मुद्दाम लांब टाकायचे, धोकादायक माणसाला फुकटात पहिल्या बेसवर पाठवायचं आणि पुढच्या फलंदाजाला बाद करायचं. आमच्या मॅनेजर बाईने तीच खूण केली. मी वेळ मागून पिचरकडे गेलो. तीही तरातरा आली.

"त्याला पाठव," ती म्हणाली.

"आज नको," मी म्हणालो.

"आपण जिंकतोय."

"म्हणूनच."

पिचर म्हणाला, "मला त्याला टाकायचंय. दोनदा बाद केलाय मी त्याला."

ती आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. ती मिनेसोटाची, बापाच्या खांद्यावर बसून बेसबॉल पाहत वाढलेली. शेवटी टोपी काढून तिने डोकं खाजवलं. "हरलात, तर महिनाभर सगळ्यांचे शर्ट तुम्ही धुवायचे," म्हणाली आणि परत गेली.

मी पुन्हा उकिडवा बसलो. त्याने काहीच विचारलं नाही, ना गुडघे ना काही. पण या वेळी तो वेगळाच उभा राहिला. डावा पाय बराच मागे घेतला, छाती जवळजवळ पिचरकडे वळवली, हनुवटी खांद्यावरून सोडवली. इतक्या वर्षांत मी त्याला तसा उभा पाहिला नव्हता. मग लक्षात आलं. नाकाच्या आडून बघावं लागू नये म्हणून तो चांगला, उजवा डोळा पुढे आणत होता. या वयात, दोनदा बाद झाल्यावर, तो उभं राहायला नव्याने शिकला होता.

पहिला मंद चेंडू त्याने जाऊ दिला. दुसरा बॅटला चाटून रेषेबाहेर गेला. मी पुन्हा तोच मागवला, बाहेर, खाली, आमच्या पिचरने त्या दिवशी टाकलेला सगळ्यात चांगला. त्याने वाट पाहिली. चेंडू जवळजवळ माझ्या हातमोज्यात येईपर्यंत थांबला, मग नुसते हात लांबवून त्याला वाट दाखवली. चेंडू पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधून, गवतावरून टप्पे खात निघून गेला. त्यात जोर नव्हता, उंची नव्हती. आमचा फील्डर झेपावला, आणि चेंडू त्याच्या हातमोज्यापासून वीतभर अंतरावरून गेला.

त्यांचा धावपटू आला, बरोबरी झाली, आणि कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. अंपायरने मास्क काढून काखेत धरला आणि टाळ्या वाजवायला लागला. मग आमचा पिचर, मग आमचे सगळे. आमच्या मॅनेजर बाईने दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की कुत्री भुंकायला लागली. चेंडू मैदानातून हातोहात माझ्याकडे आला, आणि तो मी पहिल्या बेसवर नेऊन त्याच्या हातात दिला.

"तोच मागवलास?" त्याने विचारलं.

"तोच."

त्याने मान हलवली. चेंडू पाठीमागच्या खिशात कोंबला, शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि म्हणाला, "चला, खेळूया की."

पुढच्या फलंदाजाचा चेंडू आमच्या सेंटर फील्डरच्या डोक्यावरून गेला. युअर मॅन पन्नाशीचा देह घेऊन, खिशात तो चेंडू उडवत, उरलेले दोन्ही बेस पार करून धापा टाकत माझ्यापुढे आला आणि होम प्लेटला पाय लावून म्हणाला, "सॉरी हं." आमच्या उरलेल्या पाळीत काही जमलं नाही आणि आम्ही एका रनाने हरलो. महिनाभर शर्ट मी धुतले, कारण पिचरच्या खोलीवर मशीन नव्हतं.

आईने गाडीत विचारलं, "हरलासा न्हवं?"

"हो."

"मग हसतोयस का?"

मग तीच खिडकीबाहेर बघत म्हणाली, "चांगला बाप्या हाय."

त्या हिवाळ्यात त्याचा नंबर लागला. वॉटरफोर्डला ऑपरेशन झालं आणि छान झालं. त्याने मला एका न्हाणीघराच्या फरशीचा फोटो पाठवला, खाली फक्त "सरळ" एवढंच. मी तो आईला पाठवला. तिने उत्तरादाखल व्हॉइस मेसेज केला, "डोळ्यात साबन जाऊ दिऊ नगं म्हणावं म्हैनाभर." मी त्याचं भाषांतर करून पाठवलं. तिचा आवाजही ऐकायचाय म्हणाला, म्हणून मूळही पाठवलं.

२०१९ च्या पहिल्या मॅचला तो आला तेव्हा नेहमीसारखी अंपायरला मान हलवली आणि खाली माझ्याकडे पाहिलं. या वेळी जरा जास्तच वेळ. मास्कच्या जाळीतून न्याहाळत राहिला.

"दाढीत पांढरं आलंय की तुझ्या," म्हणाला. "केव्हापासून?"

"वर्ष झालं."

"मला कुणी सांगितलं नाही."

मी हसत असतानाच मी मागवलेला चेंडू त्याने डाव्या रेषेवरून सणसणीत मारला. आतला होता, गेल्या वर्षी त्याला न दिसणारा. त्या दिवशी त्याने आम्हाला नुसतं झोडपलं. आम्ही पार धुऊन निघालो आणि आमच्या पिचरने रागाने हातमोजा जमिनीवर टाकला. मग त्याचं त्यालाच हसू येऊन तो उचलला.

तो हंगाम संपल्यावर युअर मॅन खेळायचा थांबला. मीही आता कॅचर नाही. गुडघ्यांनी शेवटी उत्तर दिलं. पण माझ्या पिढीतल्या कुणी मला विचारलं, परदेशात जाऊन तुला काय मिळालं, तर पगार, घर, पासपोर्ट यांच्या आधी मला तो आठवतो. सहा हंगाम मी त्याला हरवायचा प्रयत्न केला आणि सहाही हंगाम त्याने मला तो पूर्ण ताकदीने करू दिला. समोरच्या टीममध्ये असा माणूस मिळायला नशीब लागतं. आपल्या टीममध्ये चांगली माणसं कुणालाही मिळतात.